२२ इंचांचा बेडा आणि दोन बाबागाड्या

आमच्या बेड्याची, म्हणजे अंगणाच्या गडग्यातून (दगडी कुंपणातून) आत यायच्या वाटेची, रुंदी २२ इंच आहे, हे मला वयाच्या ३६व्या वर्षी कळलं. जन्म गेला त्या घरात. त्या बेड्यातून भाताची पोती आत आली, नारळाच्या पाट्या बाहेर गेल्या, लग्नानंतर बायकोचं कपाट तिरकं करून आत आलं. पण गडग्यातल्या त्या फटीला टेप लावायची वेळ कधी आली नव्हती.

ती गेल्या वर्षी जानेवारीत आली. बाय तेव्हा दोन महिन्यांची होती. (कागदावर तिचं नाव वेगळं आहे, पण घरात नि वाडीत ती बायच.) मेव्हणा ठाण्याहून कोकणकन्येने कुडाळला उतरला तो खांद्याला बॅग आणि पुढ्यात बाबागाडी घेऊन. त्याच्या मुलाची. जेमतेम वर्षभर वापरलेली, करड्या रंगाची, मोठ्या चाकांची, खाली सामानाची टोपली, वर छत, सीट काढून तिच्या जागी बाळाला आडवं झोपवायची पेटी बसवता येणारी. नवी घ्यायला गेलो तर वीस हजारांच्या खाली मिळणार नाही, असं त्याने स्टेशनपासून मालवणपर्यंत तीनदा सांगितलं. टेम्पोवाल्या मित्राने ती मागे दोरीने बांधली आणि आम्ही थाटात घरी आलो.

आई पडवीत बसून नारळ किसत होती. तिने मान वर केली.

"ह्यां काय रे? रिक्षा घेवन इलंस काय?"

बेड्याशी आलो आणि गाडी अडली. मेव्हण्याने जोर लावला, मी पलीकडून ओढली, डाव्या चाकाने गडग्याचा एक चिरा हलवला. शेवटी टेप आणला. गाडी २५ इंच, बेडा २२. तीन इंचांचा प्रश्न. मेव्हणा म्हणाला, गडगा थोडा फोड. आईने किसणं थांबवून त्याच्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच मिटला. गाडी घडी करून, डोक्याच्या वर उचलून, गडग्यावरून आत घेतली.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे परवा देवगडच्या मावसभावाचा फोन आला. त्याच्या बायकोला सातवा लागलाय आणि तो रोज रात्री मोबाईलवर बाबागाड्या बघत बसतो. "कुठची घेऊ?" एवढंच त्याने विचारलं आणि मी पाऊण तास बोललो. शेवटी तो म्हणाला, जरा लिहून पाठव, माझ्या लक्षात नाही राहणार. म्हणून हे.

मी मालवणच्या दांडी किनाऱ्यावर आउटबोर्ड इंजिनं (होडीच्या मागे बाहेरून लावायची) दुरुस्त करतो. मासेमारीच्या होड्या, पर्यटकांना किल्ला दाखवणाऱ्या बोटी, स्कूबावाले, सगळ्यांची. त्यामुळे बाळाच्या वस्तूंबद्दल मला अक्कल नाही, पण चाक, कणा, नळी, रिव्हेट आणि खारं पाणी यांबद्दल थोडी आहे. कुठलीही यंत्राची गोष्ट घरात आली की माझा हात आधी तिचे सांधे बघतो. बायको शिक्षिका आहे, ती सूचनापत्रक वाचते. आमच्यात हे वाटप लग्नापासून आहे.

दुसऱ्या दिवशी ती ठाण्याची गाडी दुकानात नेली आणि मासळीच्या काट्यावर चढवली. १३ किलो ४०० ग्रॅम. काट्यावरची मावशी म्हणाली, "सुरमय असती तर बरां झाला असता." तोपर्यंत मी ती गाडी रिकामीच ढकलत होतो, म्हणून वजन नीट कळलं नव्हतं. आता आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट डोळ्यापुढे आणा. खळ्यातून (अंगणातून) तीन पायऱ्या खाली, मग बेडा, मग साठ-सत्तर पावलं चिऱ्यांची पाणंद, मध्ये व्हाळावरचा (ओढ्यावरचा) साकव, म्हणजे छोटा पूल, पलीकडे पुन्हा पाच पायऱ्या वर, मग रस्ता. दोन ठिकाणी गाडी उचलायची. कडेवर चार-पाच किलोची पोर आणि दुसऱ्या हातात साडेतेरा किलो. मी उचलीन, मी इंजिनं उचलतो. बायको सिझेरियननंतर दहाव्या आठवड्यात कशी उचलणार? आणि दिवसभर घरी मी नसतोच.

शहरातली माणसं बाबागाडी घेताना म्हणे लिफ्टचा दरवाजा आणि कारची डिकी मोजतात. बरोबर आहे, त्यांची वाट तिथून जाते. आमच्याकडे बेडा, साकव आणि एसटी. त्या मोठ्या गाडीत दोष काहीच नव्हता. गुळगुळीत फुटपाथवर ती लोण्यासारखी चालत असणार. आमच्या वाटेची ती नव्हती, एवढंच. खोल पाण्याची बोट खाडीत घातली तर बोटीला शिव्या देऊन काय उपयोग?

मावसभावाला पहिली गोष्ट हीच सांगितली. मोबाईल खाली ठेव, टेप घे आणि घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत चालत जा. सगळ्यात अरुंद जागा किती इंच, पायऱ्या किती, आणि त्या पायऱ्यांवर गाडी कोण उचलणार. तू नव्हे, जी व्यक्ती दुपारी बारा वाजता घरी असते ती.

आता गंजाबद्दल, कारण हे मला दुकानात कोणी सांगितलं नाही आणि इंटरनेटवर वाचणाऱ्यांतले निम्मे लोक समुद्रापासून दोनशे किलोमीटर लांब राहतात.

ती ठाण्याची गाडी मार्चपर्यंत आमच्या पडवीत उभी होती. पडवीपासून समुद्र चारशे पावलांवर. मार्चमध्ये मी सहज मागच्या कण्याजवळची प्लॅस्टिकची टोपी काढली, तर आतून तांबडा भुगा हातावर सांडला. बाहेरून रंग जसाच्या तसा, एक ओरखडा नाही. लोखंडी नळ्यांचं हेच असतं. बाहेरून पावडर कोटिंग चकचकीत, पण नळी जिथे कापली तिथे आत रंग पोचत नाही. टोपी बसवली की आत शिरलेला दमटपणा बाहेर पडायचा मार्गही बंद. नळी आतून खायला लागते, आणि कळतं तेव्हा सांधा हातात येतो.

मग अॅल्युमिनियमची घ्यावी का? घ्यावी, हलकी असते आणि तांबडी गंजत नाही. पण तिचे रिव्हेट आणि स्क्रू कशाचे आहेत ते बघा. अॅल्युमिनियमच्या नळीत साधा लोखंडी रिव्हेट ठोकलेला असेल आणि वर खारी हवा असेल, तर दोन धातूंची आपोआप बॅटरी तयार होते आणि त्यात अॅल्युमिनियम झिजतं. रिव्हेटभोवती पांढरी पूड दिसायला लागते. आउटबोर्ड इंजिनाला आम्ही झिंकचा तुकडा लावतो तो याचसाठी, इंजिनाऐवजी त्याने झिजावं म्हणून. बाबागाडीला कोणी झिंक लावत नाही. त्यामुळे दुकानात जाताना खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. नळीला चिकटलं तर लोखंड. नळीला नाही पण रिव्हेटला चिकटलं, तर तो सांधा दर महिन्याला बघायचा. मी लोहचुंबक काढल्यावर दुकानदार माझ्याकडे सेल्स टॅक्सवाल्याकडे बघावं तसं बघत होता.

जाता जाता एक. मूठभर काठ्यांची छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी ज्याने काढली तो ओवेन मॅक्लॅरन नावाचा इंग्रज विमानांचा इंजिनिअर होता. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची चाकं आत मिटवायच्या यंत्रणेवर त्याने काम केलं होतं. मुलगी मॉस्कोहून नातीला घेऊन आली, तिची अवजड गाडी बघून याने अॅल्युमिनियमच्या नळ्यांची मिटणारी गाडी बनवली. वर्ष १९६५, वजन सुमारे पावणेतीन किलो. सुरुवातीच्या काळात बाबागाडी म्हणजे श्रीमंतांचा रथच होता. १७३३ मध्ये इंग्लंडातल्या एका ड्यूकच्या मुलांसाठी केलेली गाडी तर बकऱ्याने ओढायची होती. मला तो आजोबा फार आवडतो. नात आली, गाडी जड वाटली, लागला कामाला.

तर फेब्रुवारीत आम्ही दुसरी गाडी घ्यायला कुडाळला गेलो. बायकोने कागदावर चार ओळी लिहिल्या होत्या: रुंदी २० इंचांच्या आत, वजन सातच्या आत, पाठ पूर्ण मागे जाणारी, एका हाताने मिटणारी. मी बरोबर पाच किलो तांदळाची पिशवी घेतली होती. बायच्या वजनाला जवळची.

पाठीची अट आधी सांगतो, कारण स्वस्त छत्री-गाड्यांत तीच नसते. मूल स्वतःच्या बळावर बसायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, त्याला गाडीत जवळजवळ सपाट झोपवावं लागतं. मान धरलेली नसताना अर्धवट बसतं ठेवलं तर हनुवटी छातीवर पडते आणि श्वास घ्यायला त्रास होतो. गाडीवर अडकवायच्या कारसीटबाबतही हेच. कारमध्ये ती हवीच, पण तीच गाडीवर बसवून त्यात मूल तासन्‌तास झोपवायचं नाही. आमच्याकडे कार नाही, म्हणून तो खर्च वाचला.

पहिल्या दुकानात छत्री-गाडी दाखवली. साडेचार किलो, करंगळीने उचलावी अशी. तांदूळ ठेवले आणि दुकानाच्या दारातल्या फरशीच्या सांध्यावरून नेली. पुढची चाकं पाच इंचांची, जोडीजोडीने. सांध्यात आडवी झाली आणि रुतली. आमच्या पाणंदीतल्या दोन चिऱ्यांमधली फट दोन बोटं आहे, आणि पावसाळ्यानंतर तीन. चाक लहान तेवढं ते फटीत पडतं, मोठं चाक वरून जातं. याला इंजिनिअर लागत नाही. शिवाय हिला दोन वेगळ्या मुठी, एका हाताने ढकलली की तोंड फिरवते. आणि आमच्याकडे दुसरा हात मोकळा असा नसतोच. छत्री, नाहीतर पिशवी, नाहीतर कुत्र्याला हाकलायची काठी.

दुसरी हवेच्या चाकांची होती, तीन चाकी, धावायला जाणाऱ्यांची. चालायला राणी. मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण वजन अकरा किलो आणि आमच्या वाटेवर मासे पकडायचे गळ पडलेले असतात. मी सायकलचे पंक्चर काढून थकलोय.

तिसरी घेतली. सहा किलो सातशे, १८ इंच रुंद, फोमची सहा-सात इंची चाकं, सलग दांडा. पुढची चाकं गोल फिरतात पण खटका दाबला की सरळ राहतात. हा खटका मी आग्रहाने मागून घेतला. चिऱ्यांवर आणि वाळूत तो लावायचाच, नाहीतर गाडी बकरीसारखी कुठेही तोंड घालते.

दुकानात अर्धा तास गाडी वापरली. तुम्हीही वापरा, लाजू नका. ब्रेक दाबून तांदळासकट दुकानाच्या उतरत्या पायरीच्या उतारावर सोडली, हललीच नाही. काही गाड्यांना दोन मागच्या चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात, एक लावून माणूस दुसरा विसरतो. हिला एकाच पट्टीने दोन्ही चाकं अडकतात. पट्टा पाच ठिकाणी बांधणारा: दोन खांदे, दोन कंबर, एक मांड्यांमधून. मांड्यांमधला नसेल तर मूल खाली घसरतं आणि पट्टा गळ्याशी येतो. गाडीवर ईएन १८८८ असा शिक्का होता. युरोपात बाबागाड्यांसाठीचं ते मानक आहे. ब्रेक, पट्टा, उलटणं, बोटं अडकतील अशा फटी, सगळ्याची चाचणी त्यात येते. शिक्का खरा की छापलेला ते मी काट्यावर चढवून बघू शकत नाही, पण सांधे बघितले, ते बरे होते.

मग बायकोने तांदळाची पिशवी कडेवर घेतली आणि एका हाताने गाडी मिटायला गेली. पहिल्यांदा नाही जमलं. दुसऱ्यांदा नाही. दुकानातला मुलगा पुढे झाला, "मॅडम, मी दाखवतो." ती म्हणाली, "तू घरी येणार आहेस का माझ्या?" चौथ्या वेळी खटका बरोबर दाबला गेला आणि गाडी खाली बसली. मग तिने तेच अजून पाच वेळा केलं. पैसे दिले नऊ हजार दोनशे. घासाघीस केली तेव्हा मच्छरदाणी फुकट मिळाली.

येताना एसटीने आलो. बायकोचं तिकीट अर्धं, बायला अजून तिकीट नाही, माझं पूर्ण. कंडक्टरने मिटलेल्या गाडीकडे बोट दाखवून विचारलं, "आणि ह्येचां?" ती सीटखाली सरकली, तेव्हा तोही हसला. मोठी गाडी असती तर टपावर गेली असती आणि आता टपावर सामान चढवतं कोण?

पुढचा भाग माझ्या मूर्खपणाचा. एप्रिलमध्ये एका सकाळी मी एकटाच बायला घेऊन बाजारात गेलो. बायको म्हणाली होती, सामान खालच्या टोपलीत ठेव. टोपलीत भाजी बसली. मग बांगडे घेतले, त्यांची पिशवी टोपलीत ठेवली तर पाणी गळेल म्हणून दांड्याला अडकवली. मग दोन सोललेले नारळ, ते पण दांड्याला. गाडी छान उभी होती. उभी होती कारण पुढे सहा किलोची बाय होती. सुटे पैसे काढायला बायला उचलून कडेवर घेतलं, आणि गाडी मागच्या मागे उताणी. पिशवी फाटली, बांगडे रस्त्यावर, नारळ उतारावरून गडगडत थेट एका पर्यटकाच्या पायाशी. त्याने ते उचलून माझ्या हातात दिले आणि मोबाईलवर फोटो काढायची परवानगी मागितली. बाय खदखदा हसत होती. तिला त्याच दिवशी कळलं की गाडी उलटते तेव्हा मजा येते, आणि नंतर कित्येक दिवस ती पाय आपटून तो प्रयत्न करत होती. दांड्याला काहीही अडकवायचं नाही. हे सूचनापत्रकात पहिल्या पानावर लिहिलेलं होतं, पण वाचायचं काम माझ्याकडे नाही ना.

उन्हाचं सांगतो. मे महिन्यात छत पुरत नाही म्हणून आपण सगळे गाडीवर ओढणी टाकतो. मीही टाकली. बालरोगतज्ज्ञांकडे लस टोचायला गेलो तेव्हा त्यांनी दारातच ती ओढणी उचलून माझ्या हातात दिली. "हात घाला आत," म्हणाल्या. घातला. आत भट्टी. कापडाने ऊन अडतं, पण वाराही अडतो आणि आतली हवा तापत जाते. मूल झोपलंय असं आपल्याला वाटतं आणि ते मलूल पडलेलं असतं. ओलं कापड टाकलं तर पाणी उडताना थोडा गारवा येतो, हे खरं, पण आपल्या दमट हवेत पाणी उडतच नाही, धोतर दोन दिवस वाळत नाही इथे. त्यामुळे आमचा साधा नियम, मे महिन्यात अकरा ते चार गाडी बाहेर नाही. आईने यावर काय म्हटलं असेल ते सांगायची गरज नाही. "वारो लागांदे तिका" हे ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती, तिला डॉक्टर लागला नाही.

आईचा या सगळ्या प्रकरणाला विरोध होता, तो अजून आहे. "आमची पोरां काखेत वाढली. कित्याक व्हयो तो गाडो?" आणि खरं सांगायचं तर पहिले तीन महिने ती बरोबर होती. त्या दिवसांत बायला गाडीची गरजच नव्हती. पडवीच्या वाशाला साडीची झोळी बांधलेली, तिच्यात ती दिवसाला चौदा तास झोपायची. घाईने आधी गाडी घेऊन ठेवणाऱ्यांनी जरा थांबायला हरकत नाही. पण सहाव्या महिन्यानंतर बाय साडेसात किलोची झाली, आईची कंबर दुखायला लागली, आणि एक दिवस मी दुपारी घरी आलो तर गाडी खळ्यातल्या आंब्याखाली उभी, बाय तिच्यात पट्ट्याने बांधलेली, समोर आई पाटावर बसून तिला नाचणीचं सत्त्व भरवत होती. मी काही बोललो नाही. तिने मात्र सांगितलं, "माझी कंबार मोडली म्हणान." खरं तर आमची गाडी रस्त्यावर जेवढी चालली त्याच्या दुप्पट ती खळ्यात उभी राहिली आहे. जेवणाची खुर्ची, अंघोळीनंतर ऊन खायची जागा, आई भाजी चिरताना समोर बसायचं आसन. हे कुठल्या जाहिरातीत नाही, पण घेताना सीटचं कापड काढून धुता येतं का हे बघायला हवं, ते या नाचणीमुळे कळलं.

चिवल्याच्या किनाऱ्यावर आम्ही रविवारी संध्याकाळी जातो. सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी ओली, घट्ट वाळू असते, तिच्यावर गाडी डांबरासारखी चालते. अडचण आहे ती रस्ता आणि ओली वाळू यांच्यामधल्या कोरड्या पट्ट्याची. तिथे ढकलायचं नाही. गाडी उलटी फिरवायची आणि ओढायची. मोठी मागची चाकं पुढे होतात आणि लहान चाकं नांगरासारखी रुतत नाहीत. रापणवाले (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे) होडी कशी ओढतात ते बघितलेल्याला हे सांगावं लागू नये, पण मला तीन रविवार लागले.

घरी आल्यावर गोडं पाणी. समुद्रातून आलेलं इंजिन आम्ही पाच-दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवतो, मगच झाकतो. गाडीलाही तेच, चाकं काढून कण्यावर दोन तांबे पाणी, मग फडकं, मग सावलीत वारा. ग्रीस लावू नका. ग्रीसला वाळू चिकटली की त्याचा पॉलिश पेपर होतो आणि कणा महिन्यात बारीक. सिलिकॉनचा स्प्रे मारा, तो कोरडा राहतो.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात: विसरा. प्लॅस्टिकचं आवरण मिळतं, हवेच्या भोकांचं बघून घ्यावं, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या पाणंदीतून व्हाळ वाहतो. गाडी या चार महिन्यांत आठ-दहा वेळा बाहेर पडली असेल. ऑगस्टमध्ये सीटच्या खालच्या बाजूला बुरशीचे करडे ठिपके आले, ते व्हिनेगरच्या पाण्याने पुसून चुलीच्या खोलीत दोन दिवस टांगून घालवले, आणि पुढचा महिनाभर बायच्या गाडीला धुराचा वास येत होता. म्हणून मावसभावाला म्हटलं, बाळ पावसाळ्यात होणार असेल तर गाडी गणपतीनंतर घे. तेव्हा ते थोडं मोठंही झालेलं असेल आणि तुझे पैसे बुरशीला जाणार नाहीत. आणि आंगणेवाडीच्या जत्रेला नेऊ नकोस, कुठलीच. तिथे माणसाला पाय ठेवायला जागा नसते.

वॉकरबद्दलही त्याने विचारलं, तो गोल, चाकांचा, मूल आत टांगून ठेवायचा. तो नको. पायऱ्यांवरून पोरं त्यासकट खाली जातात. कॅनडाने २००४ मध्ये त्याची विक्रीच बंद केली. आमच्या घराला तर चहूबाजूंनी पायऱ्या. बाय दहा महिन्यांची असताना सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी पांगुळगाडा आणला. तिने तो दोन दिवस ढकलला आणि तिसऱ्या दिवसापासून स्वतःची बाबागाडी ढकलायला घेतली. आता ती दीड वर्षाची आहे. बसायचं नाही, ढकलायचं. आत कधी मांजर असतं, कधी आजीची चप्पल. ब्रेक कसा सोडायचा हे तिला कळलंय, त्यामुळे मिटलेली गाडी आता खुंटीवर असते. मिटताना तिला लांब उभं करतो, सांध्यात बोट सापडायला एक क्षण पुरतो.

राहिली ठाण्याची मोठी गाडी. मेव्हण्याला परत पाठवायची लाज, विकायची तर आतून गंजलेली. तिची आडवी पेटी बायने पहिल्या उन्हाळ्यात पडवीत झोपायला वापरली, मच्छरदाणीसकट. सांगाडा तसाच पडून होता. या मे महिन्यात एक दिवस दुकानातून आलो तर तो खळ्याच्या मधोमध. आईने त्याच्यावर सुपारीच्या पट्ट्यांची चौकट बांधून वर जुनी मच्छरदाणी ताणली होती आणि तिच्यावर सोलां वाळत घातली होती. कोकमाची सालं, आगळात (मीठ घातलेल्या कोकमाच्या रसात) बुडवून काढलेली, लालभडक. ऊन सरकलं की ती गाडी सरकवते. सकाळी विहिरीकडे, दुपारी मधोमध, चारनंतर मांगराच्या बाजूला. पूर्वी सुपं उचलून नाचावं लागायचं, आता एक धक्का.

आगळ म्हणजे आंबट आणि खारट, दोन्ही, आणि तो थेंब थेंब त्या लोखंडी नळ्यांवर गळत होता. मी म्हटलं, "आये, गंजतली ती."

"गंजांदे," ती म्हणाली. "चाकां बरी असत."

खरंच बरी आहेत. काल त्यांना सिलिकॉन मारलं.